दिव्याला वारा लागू नये म्हणून

अण्णा गेले ते मे महिन्यात. सोलापुरात मे महिन्यात मरू नये असा काही नियम नाही, पण मागे राहणाऱ्यांचा थोडा विचार करायला हरकत नसते. माझ्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांचाच विचार केला. जाताना तेवढा राहून गेला.

ते पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या कॉटवर गेले. सकाळचा चहा अर्धा प्यायले, कप खाली ठेवला आणि आईला म्हणाले, "आज साखर जास्त झालीय." त्यानंतर काहीच म्हणाले नाहीत. आईला अजून वाटतं की आपण साखरेबद्दल काहीतरी बोलायला हवं होतं.

त्यांना पोचवून आल्यावर त्याच जागी दिवा लावला. जमिनीवर पाट, पाटावर ज्वारीच्या पिठाचा थर, पिठावर तेलाची पितळी पणती, वात दक्षिणेकडे. हे सगळं काकांनी मांडलं. काका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. सांगोल्याच्या बाजूला आमचं मूळ गाव, तिथे ते शेरडंमेंढरं राखतात, थोडी कोरडवाहू शेती करतात. घराण्यात शिकून शहरात आलेले अण्णा एकटेच, त्यामुळे घराण्याचं ज्ञान अण्णांकडे आणि घराण्याची रीत काकांकडे अशी वाटणी फार पूर्वीच झाली होती. ज्ञान आता गेलं होतं. रीत खांद्यावर घोंगडी टाकून दारात उभी होती.

"दहाव्यापत्तुर दिवा इझू द्याचा न्हाय," काका म्हणाले. "त्या उजेडावर वाट दिसती त्येला. इझला की अंधारात चाचपडत बसायचा."

हे वाक्य त्यांनी सगळ्यांना उद्देशून म्हटलं होतं, ऐकलं मात्र आईने. अण्णांना रात्री साधं न्हाणीघरापर्यंत जायलाही बॅटरी लागायची. आई उठली, दिव्याशेजारी भिंतीला टेकून बसली, आणि तिथून हलेना.

पहिल्या दिवशी काकांनी रीतीप्रमाणे पणतीवर वेताची टोपली पालथी घातली. थोड्या वेळाने टोपलीचा मधला भाग करपल्याचा वास आला. बाजूंनी टोपली थंडगार होती, फक्त वरती काळी पडली होती. काकांनी ती काढली आणि हल्लीच्या टोपल्यांना दोष दिला. मग दिव्याला आडोसा कशाचा, असा प्रश्न आला. त्याचं उत्तर सोपं होतं. पंखा बंद केला, खिडक्या बंद केल्या, आणि ज्या दारातून लोक येणार होते त्यालाही पडदा लावून चारी बाजूंनी खोचला.

आईला रक्तदाबाचा त्रास. डॉक्टर येऊन पाहून गेले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना गार जागेत ठेवा, पाणी भरपूर द्या. या वयात उष्णता अंगात शिरली की बाहेर काढणं अवघड जातं." गार जागेत ती जायला तयार नव्हती. पाणी ती पीत नव्हती, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं आणि उठलं की दिवा नजरेआड होतो. तिची काळजी दिव्याची, माझी काळजी तिची, आणि बाकी सगळ्यांची काळजी रीतीची, असा आमच्या घरातला दुखवटा सुरू झाला.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लग्न केलेलं नाही. दुखवट्याच्या घरात अशा मुलीला मान असतो, मत नसतं. टॉवेल कुठे आहेत, गाळणी कुठे आहे, महापालिकेचं पाणी कधी येणार, एवढ्या विषयांत माझा शब्द अंतिम होता.

आमच्या पुढच्या खोलीबद्दल थोडं सांगायला हवं. अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे. घर बांधताना त्यांनी गवंड्याशी भांडून या खोलीत छताखाली, भिंतीच्या अगदी वरच्या भागात लाकडी झडपा ठेवून घेतल्या होत्या. दोरी ओढली की उघडायच्या. खाली गल्लीच्या बाजूला, म्हणजे उत्तरेला, जिथे दिवसभर सावली असते तिथे एक बुटकी खिडकी. गवंडी म्हणाला होता, इतक्या खाली खिडकी कुत्र्यासाठी ठेवताय का? अण्णांनी त्याला समजावलं होतं की गरम झालेली हवा हलकी होऊन वर जाते, तिला वरून बाहेर पडायला वाट दिली की तिची जागा घ्यायला खालून गार हवा आपोआप येते. गवंड्याने सगळं ऐकून घेतलं आणि खिडकी बांधून दिली, कारण पैसे अण्णांचे होते.

पुढे झडपांत पारव्यांनी घरटी केली. माझा भाऊ पुण्याला असतो, आम्ही त्याला दादा म्हणतो. तो एका सुटीत आला आणि त्याने त्या झडपा थर्माकोलने बंद केल्या. थर्माकोल जुन्या गणपतीच्या सजावटीतलं होतं, त्यामुळे छताखाली एका बाजूला अर्धी कमान आणि दुसऱ्या बाजूला सोनेरी अक्षरांत "मोरया" असं दिसायचं. अण्णा दोनतीनदा म्हणाले, "अरे, खोली कोंडलीय." दादा म्हणाला, "अण्णा, एसी घेऊन देतो." एसी त्याने घेतलाही, आतल्या झोपायच्या खोलीत. अण्णा त्या खोलीत झोपले नाहीत. बंद खोलीत त्यांना झोप यायची नाही.

तर आता अशी परिस्थिती. वर तापलेला स्लॅब, झडपांत मोरया, खिडक्या बंद, पंखा बंद, मध्ये जळता दिवा आणि भोवती समाचाराला आलेली माणसं. खोलीत उभं राहिलं की डोकं एका ऋतूत आणि पाय दुसऱ्या ऋतूत असायचे. त्यामुळे आलेला माणूस फार वेळ उभा राहत नसे. हात जोडून लगेच खाली बसायचा, आणि आई म्हणायची, माणसं किती नम्र आहेत.

समाचाराचं बोलणं ठरलेलं असतं. "कसं झालं?" मग मी सांगायचं. "त्रास नाही ना झाला?" मग मी नाही म्हणायचं. "भाग्यवान." मग सगळ्यांनी गप्प बसायचं. त्यानंतर कुणीतरी न राहवून म्हणायचं, "गरम लई होतंय की." आणि इथून पुढे खोलीत खरा जिव्हाळा निर्माण व्हायचा. कुणाच्या घरी कूलर फुटला, कुणाच्या टाकीतल्या पाण्याने दुपारी हात भाजला, पंढरपूरकडे किती आणि विजापूरकडे किती, यावर माणसं मनापासून बोलायची. अण्णांबद्दल इतकं मनापासून कुणी बोलत नव्हतं.

काका कोपऱ्यातून बघत असत. एकदा मला हळूच म्हणाले, "मेंढरं बग दुपारची एकमेकाच्या पोटाखाली मुंडी घालून हुबी ऱ्हात्यात. प्रत्येकाला वाटतं, सावली गावली."

"काका, मग खिडकी तरी उघडू का?"

"दिवा?"

मी टॉवेल आणायला गेले.

अण्णांचे माजी विद्यार्थी पुष्कळ आले. त्यातले एक सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले साहेब होते. ते रोज यायचे. त्यांचं अण्णांवर खरंच प्रेम होतं, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते कळणार नाही.

"सरांनी अभिसरण शिकवलं," साहेब म्हणायचे, "तसं या जिल्ह्यात कुणी शिकवलं नाही. अजून डोळ्यांपुढे आहे. काचेच्या भांड्यात पाणी. तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा एकच खडा. खाली दिवा लावला. सगळा वर्ग गप्प. आणि मग तो जांभळा धागा!" इथे साहेब हात वर न्यायचे. "वर, वर, वर. वर गेला की पसरला. कडेकडेने खाली आला. परत गरम झाला, परत वर! सर म्हणाले, बघा, पाणी स्वतःच उष्णता घेऊन चाललंय. त्याला कुणी ढकललं नाही. हवाही अशीच चालते. फक्त तिला जायला आणि यायला वाट ठेवा."

"वा!" बसलेली माणसं म्हणायची.

साहेबांच्या कानामागून घामाची धार कॉलरमध्ये उतरत असायची. त्यांच्या पाठीमागे बंद खिडकी, डोक्यावर मोरया. सगळे रुमालाने मान पुसत अभिसरणाचं कौतुक करायचे. मला मात्र त्या वेळी अण्णांची बोटं दिसायची. तो प्रयोग ज्या दिवशी असे, त्या दिवशी ते घरी आले की बोटांची टोकं तपकिरी झालेली असायची, आणि आई जेवायला वाढताना म्हणायची, "आज वर्गात दंगा नाही झाला वाटतं." मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी हलवायची.

दादा पुण्याहून कुटुंबासह आला तेव्हा गारेगार गाडीतून थेट या खोलीत शिरला आणि दोन मिनिटं त्याला बोलता येईना. आम्हाला वाटलं दुःखाने. मग तो म्हणाला, "आई, ही काय खोली आहे का! आत चल. एसी लावतो. दिवा पण आत नेऊ."

"दिवा हलवायचा?" काका म्हणाले. "दिवा काय बिऱ्हाड हाय व्हय? माणूस जितं गेलं तितंच दिवा."

"मग आईला तरी आत नेऊ."

"मी इथंच आहे," आई म्हणाली.

शेजारच्या अक्का मध्ये पडल्या. अक्कांचं घर विणकरांचं, घरी तेलुगू, दारात मराठी. घरामागच्या शेडमध्ये टॉवेल-चादरींचे माग चालतात. "अय्यो, कशाला भांडताय," त्या म्हणाल्या. "आमच्या शेडमधी खिडक्या बंदच असतात, हवा कोरडी झाली की सूत तुटतंय म्हणून. आमी मरतंय काय? सवय होतंय बघा." तरीही दुपारी त्यांनी स्वतःचा कूलर दोन माणसांकडून उचलून आणवला. अक्कांचं बोलणं आणि करणं यांत नेहमी एवढं अंतर असतं, आणि ते आमच्या फायद्याचं असतं.

कूलर लावला. पहिल्याच फुंकरीला ज्योत आडवी झाली. काका बसल्या जागेवरून उडी मारावी तसे आले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पणतीवर वाकले. आईच्या तोंडून नुसता आवाज आला. कूलर बंद झाला. तो व्हरांड्यात नेऊन ठेवला आणि तिथे चालूच राहिला, त्यामुळे संध्याकाळपर्यंत समाचाराला आलेल्यांच्या चपला अतिशय गार होत्या.

आता साहेबांनी सूत्रं हातात घेतली. "हा शेवटी विज्ञानाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "सरांच्या घरात आपण विज्ञानानेच सोडवू. घरात काचेची मोठी बरणी आहे?"

होती. लोणच्याची होती, मी धुऊन पुसून दिली. साहेबांनी ती पणतीवर पालथी घातली, काठ पिठात नीट रुतवला आणि मागे सरकून म्हणाले, "लावा पंखा!"

पंखा लावला. खोलीतल्या प्रत्येकाने डोळे मिटले. त्या घटकेला कुणी काही मागितलं असतं तरी मिळालं असतं. पण आई बरणीकडे बघत होती.

"लहान होतोय," ती म्हणाली.

ज्योत खरंच बुटकी होत चालली होती. आधी बोटाच्या पेराएवढी, मग गव्हाच्या दाण्याएवढी.

"सायब, दिवा मारताय व्हय!" काकांनी झडप घालून बरणी उचलली. पंखा बंद झाला. ज्योत हळूहळू उभी राहिली.

"ऑक्सिजन संपला," साहेब समाधानाने म्हणाले, जणू हेच सिद्ध करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी माळ्यावरून जुन्या कंदिलाची काच आणली. ही दोन्ही तोंडांनी उघडी. साहेब म्हणाले, "परफेक्ट. वरून उघडी आहे, म्हणजे हवा मिळणार. खालून मात्र वारा शिरता कामा नये." असं म्हणून त्यांनी ती पिठात दाबून बसवली आणि भोवतीने आणखी पीठ थापलं, गवंडी थापतो तसं. ज्योत उड्या मारायला लागली, काच काळी झाली, काजळीची शेपटी छताकडे निघाली आणि दिवा पुन्हा मरायला टेकला. काकांनी काच काढून कोपऱ्यात ठेवली आणि साहेबांना अतिशय नम्रपणे म्हणाले, "तुमी चा घ्या."

हा प्रयोगही अण्णा वर्गात करायचे. मेणबत्ती, भोवती काच, काचेखाली लाकडाचे दोन ठोकळे. ठोकळे असले की मेणबत्ती जळते, काढले की विझते, कारण गरम हवा वरून जाते पण खालून नवी यायला फट उरत नाही. जांभळ्या धाग्याच्या पुढचाच तास. साहेबांना विज्ञानात पैकीच्या पैकी मार्क होते, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. मला बोलायचं होतं. पण मी कपबशा घेऊन उभी होते, आणि कपबशा घेतलेल्या माणसाचं बोलणं लोकांना चहाबद्दलचं वाटतं.

त्याच दुपारी आईने मला विचारलं, "शाळा सुटली का गं?"

"कुठली शाळा, आई?"

"हे आले नाहीत अजून."

मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं होतं आणि कोरडं होतं. सकाळी घामाने भिजलेलं पातळही कोरडं होतं. तिचे डोळे दिव्याकडे होते, पण दिवा बघत नव्हते. मी ओला पंचा तिच्या डोक्यावर टाकला, अक्कांनी मीठसाखरेचं पाणी केलं. तिने एक घोट घेतला आणि बाकीचं ओठांवरून खाली गेलं. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता खोली गार करा, अंग पुसत राहा. तासाभरात शुद्धीवर नीट आल्या नाहीत तर सरळ दवाखान्यात आणा."

दादा तिला उचलायला वाकला. तिने कॉटचा पाय पकडला. त्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. "मला उचललंस तर मी पाण्याला शिवणार नाही," ती म्हणाली, अगदी स्पष्ट. दादाने तिचा हात सोडवायचा प्रयत्न केला, मग तसाच खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. सगळे एकदम बोलायला लागले. अँब्युलन्स, एसी, बर्फाची लादी, कुणाच्या तरी ओळखीचे मोठे डॉक्टर.

मी काकांजवळ जाऊन बसले. त्यांना काय सांगायचं हे मला कळत नव्हतं. हवा हलकी होते हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? जे खरं होतं आणि मला बोलता येण्यासारखं होतं, तेवढंच म्हणाले. "काका, अण्णांचा बंद खोलीत जीव घुसमटायचा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग खोलीकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच पाहावं तसं. खिडक्या. पडदा. मग वर.

"त्ये वर काय लावलंय?"

"झडपा होत्या. अण्णांनी ठेवलेल्या. पारव्यांमुळं बंद केल्या."

"कुणी?"

दादाने मोबाईल काढून काहीतरी बघायला सुरुवात केली.

"आन् मग त्यो जायाचा कुटनं?" काका एकदम मोठ्याने म्हणाले.

अँब्युलन्सचं बोलणंही थांबलं.

"मी इचारतोय, माझा भाऊ जायाचा कुटनं? दारं बंद, खिडक्या बंद, वर गणपती लावून ठिवलाय! इतके दीस त्यो हितंच कोंडलाय. म्हनून वैनीचा जीव घाबरतोय. त्यो तिला सोडंना, सोडंल कसा, वाट कुटाय?"

आमच्यात एवढे शिकलेले लोक होते, पण हा मुद्दा कुणाच्याच लक्षात आला नव्हता. सगळ्यांचे चेहरे अपराधी झाले. अण्णा जिवंत असताना दोनतीनदा म्हणाले होते की खोली कोंडलीय, तेव्हा स्टूल कुणी आणलं नव्हतं. आता तीन स्टुलं आली.

दादा पांढऱ्या कपड्यांत स्टुलावर चढला. डोकं छताजवळ जाताच तो म्हणाला, "बाप रे, इथं तर भट्टी आहे!" त्याने मोरया ओढून काढलं. मागून पारव्यांच्या घरट्याचा सगळा कचरा साहेबांच्या डोक्यावर पडला. त्यांनी तो अण्णांचा प्रसाद असल्यासारखा झटकलाच नाही. मग अर्धी कमान निघाली. झडपांच्या दोऱ्या कधीच कुजल्या होत्या, दादाने हातानेच फळ्या उघडल्या.

मी उत्तरेची बुटकी खिडकी उघडली.

"ती कशाला?" काका म्हणाले.

"जायला वाट केली काका, तशी यायला पण नको का?"

"कुनाला?"

"वाऱ्याला."

कुणी यायला हरकत असावी असं रीतीत काही नसावं. "बरं," ते म्हणाले. अक्कांनी त्यांच्या मागावरची एक मोठी चादर ओली करून खिडकीच्या गजांना अडकवली. आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं, तरी त्यांनी अख्खी बादली ओतली.

पणतीसमोर उदबत्ती लावलेली होती. इतके दिवस तिचा धूर सरळ वर जाऊन छताखाली चादरीसारखा पसरून राहायचा. आता तो वर जाऊन वळला आणि झडपेकडे निघाला. कुणीही न हाकलता, सावकाश, रांगेत. अंगणातून शहाबादी फरशीचे दोन तुकडे मी आणले, पणतीच्या दोन बाजूंना ठेवले आणि पुसलेली कंदिलाची काच त्यांच्यावर उभी केली. खाली बोटभर फट राहिली. ज्योत क्षणभर डळमळली आणि मग इतकी ताठ उभी राहिली की काका दोन पावलं मागे सरले.

"लावा पंखा. हळू," मी म्हणाले. चार दिवसांत हे माझं पहिलं वाक्य होतं ज्याच्यावर कुणी चहा मागितला नाही.

पंखा फिरला. ज्योत हलली नाही.

"हेच ते!" साहेब ओरडले. केसांत पारव्याची पिसं. "अभिसरण! गरम वर, गार खाली! मी पहिल्यापासून हेच सांगत होतो!" आणि मग त्यांचा आवाज फुटला, ते खाली बसले आणि पंच्यात तोंड घालून हुंदके देऊ लागले. अण्णा गेल्यावर ते पहिल्यांदाच रडत होते. कदाचित त्यांना ठोकळे आठवले असतील. मी विचारलं नाही.

खोली काही महाबळेश्वर झाली नाही. सोलापूरच राहिली, फक्त श्वास घ्यायला जागा झाली. अक्का आणि मी आईचे हातपाय, मान, पाठ पुसत राहिलो. ओल्या चादरीवरून येणारी झुळूक जमिनीलगत तिच्या पायांवरून यायची. काही वेळाने तिच्या वरच्या ओठावर घाम फुटला. घाम बघून मला इतका आनंद यापूर्वी कधी झाला नव्हता. ती पेलाभर पाणी प्यायली, मग आणखी अर्धा पेला. डॉक्टर येऊन पाहून गेले, आता दवाखान्यात नेलं नाही तरी चालेल म्हणाले. तिने काचेतल्या दिव्याकडे नीट पाहिलं. "आता नाही ना विझायचा?" तिने काकांना विचारलं.

"आता काय इझतोय," काका म्हणाले.

ती तिथेच उघड्या फरशीवर आडवी झाली आणि झोपली. अण्णा गेल्यापासून ती झोपली नव्हती. सगळी माणसं पायांचा आवाज न करता बाहेर गेली. अक्कांनी त्यांच्या घरी पिठलंभाकरी केली होती, दादा, त्याची मंडळी आणि साहेब तिकडे जेवायला गेले. खोलीत आई, काका आणि मी.

पंखा सावकाश फिरत होता. काका घोंगडी पाठीमागे घेऊन भिंतीला टेकले होते. मी आईच्या श्वासाकडे बघत होते. पोट वर, पोट खाली. एवढं बघण्यात वेळ जातो हे मला माहीत नव्हतं.

हवा मिळाल्यावर दिवा जोरात जळतो, आणि जोरात जळणारा दिवा तेल जोरात पितो. इतके दिवस ज्या बेताने आम्ही तेल घालत होतो, तो बेत कोंडलेल्या दिव्याचा होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं तेव्हा पणतीच्या तळाशी नुसती चमक उरली होती. मी तेलाची बाटली उचलेपर्यंत ज्योतीने एकदा मान वर केली, आणि मग काचेतून फक्त धूर वर गेला.

मी बाटली हातात धरून तशीच बसले. काका टेकलेले होते ते सरळ झाले. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग वर झडपांकडे, मग आईकडे. तिचं तोंड थोडं उघडं होतं, आणि कपाळावरचे केस पंख्याने उडत होते. रीत सांभाळणाऱ्या माणसाचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्यावर बराच वेळ काहीच ठरत नव्हतं.

मग काकांनी हात पुढे केला. मी बाटली दिली. त्यांनी काच उचलली, तेल घातलं, बोटांनी वातीचा जळका शेंडा खुडला, खिशातून काडेपेटी काढली आणि काडीचा आवाज होऊ नये म्हणून घोंगडीच्या आत ओढली. दिवा लागला. काच परत फरशीच्या तुकड्यांवर गेली.

"वात बदलली," ते हळूच म्हणाले. "इझला न्हाय. काय?"

"हो काका."

"वात काय, बदलावीच लागती."

"हो."

उदबत्तीचा धूर झडपेतून बाहेर जात होता. काका त्याच्याकडे बघत राहिले. "अण्णाला एवढ्यानं चुकायचं न्हाय," ते म्हणाले. "त्येला वाट ठावं असती. मास्तर हाय त्यो."

त्या आवाजाने असेल, आई जागी झाली. तिने आधी डोळे उघडले नाहीत. तशीच पडून म्हणाली, "भावजी, दिवा?"

"हाय की, वैनी," काका म्हणाले. "लई झ्याक जळतोय. बगा."

तिने मान वळवून पाहिलं. मग हात टेकून उठली, मला म्हणाली, "मला न्हाणीत ने. अंगावर पाणी घेते." दारापर्यंत गेल्यावर ती थांबली आणि वळून म्हणाली, "तुम्ही आहात ना तिथं?"

"हाय," काका म्हणाले. ते तिच्याकडे न बघता पणतीत तेल ओतत होते. पणती भरली, तेल काठावरून पिठात उतरलं, तरी त्यांचा हात थांबला नाही.